पहिला प्रयत्न आणि आपला पहिला शब्द

(अभ्यासपाठ : वसतिगृहांचे अधीक्षक, बालवाडीच्या ताई आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचे शिक्षक यांच्यासाठी)



मूल एखादी वस्तू स्वतः कल्पून, कागदावर आखून, हाताने बनवू लागते, तेव्हा काम अर्धे झाले की ते आपल्याकडे येते आणि म्हणते, "ताई, बघा ना." त्या वेळी आपण काय बोलतो, यावर ते मूल दुसरा प्रयत्न करणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. या अंकाचा पाठ त्या एका क्षणाविषयी आहे. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

"ते तुमचं हाय"

काही वर्षांपूर्वी मी आपल्या जालना जिल्ह्यातील एका वसतिगृहात काम करत होते. तिथे भिल्ल आणि पारधी कुटुंबांतली मुले होती, तशीच ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचीही होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीतल्या एका मुलाने विषय निवडला : ऊसतोड मजुरांची कोपी, पण थंडीवाऱ्यात आणि अवकाळी पावसात टिकेल अशी. विषय त्याने स्वतः निवडला होता, कारण त्याच्या आयुष्यातले निम्मे हिवाळे कोपीतच गेले होते. तुराट्या, सुतळी, जुन्या चटईचा तुकडा आणि मेनकापड जमवून त्याने नमुना उभा केला. दार एका कुशीला होते. आत चिंधीची छोटी झोळी टांगलेली होती. छताखाली एक काडी आडवी बांधून तिला दोन खुंट्या लावल्या होत्या. सगळे वाकडेतिकडे दिसत होते.

मी पाहिले आणि म्हटले, "अरे, दार मधोमध पाहिजे. आणि हे काय लोंबतंय? परीक्षक काय म्हणतील?" त्या रात्री मीच बसले. थर्माकोल कापला, भिंती सरळ केल्या, दार मधोमध आणले, रंगीत कागद चिकटवला, नाव सुंदर अक्षरात लिहिले. झोळी आणि खुंट्या काढून टाकल्या. नमुन्याला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्रावर मुलाचे नाव आले.

परतल्यावर तो नमुना जीपमध्येच सोडून खाली उतरला. मी हाक मारली, "अरे, तुझी कोपी राहिली." तो म्हणाला, "ताई, ते तुमचं हाय."

पुष्कळ दिवसांनी मी त्याला कुशीच्या दाराबद्दल विचारले. वाऱ्याच्या तोंडाला दार ठेवले तर चुलीचा धूर आत कोंडतो आणि झोळीतल्या लेकराला गारठा बाधतो, हे त्याने पाहिलेले होते. खुंट्या कोयते अडकवण्यासाठी होत्या, लहान भावंडांच्या हाती लागू नयेत म्हणून. मी ज्याला चूक समजले होते, तोच त्याच्या कामातला सगळ्यात चांगला विचार होता. त्या वर्षात त्याने पुन्हा काही बनवून माझ्याकडे आणले नाही.

अभिप्राय कशाकशाला म्हणायचे?

डी.एड.च्या पुस्तकात याला प्रत्याभरण म्हणतात. आपण साधा शब्द वापरू : अभिप्राय. शाबासकी हा अभिप्राय आहे, दहापैकी सहा गुण हा अभिप्राय आहे, कपाळावरची आठी हाही अभिप्राय आहे. आणि मुलाच्या हातातून वस्तू घेऊन स्वतः नीट करणे हा तर सगळ्यात मोठ्या आवाजातला अभिप्राय आहे. त्याचा अर्थ मूल बरोबर लावते : तुला जमणार नाही.

अभिप्राय दिला म्हणजे फायदाच होतो, असे आपण धरून चालतो. १९९६ मध्ये क्लूगर आणि डेनिसी या दोन अभ्यासकांनी अभिप्रायावर तोवर झालेले शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा उपयोग होतो असे दिसले, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय दिल्यावर काम आधीपेक्षा खालावले होते. त्यांच्या मते लक्ष कामावरून उठून 'माझ्याबद्दल काय मत झाले' याकडे वळले, की अभिप्रायाचा गुण कमी होतो.

डिझाइनच्या प्रकल्पात हा धोका जास्त असतो. डिझाइनचा प्रकल्प म्हणजे एखादी अडचण ओळखायची, तिच्यासाठी वस्तू आखायची, बनवायची, तपासायची आणि सुधारायची. गणिताला बहुधा एक उत्तर असते. इथे दहा मुलांची दहा उत्तरे असू शकतात आणि दहाही उपयोगी असू शकतात. पण मोठ्या माणसाच्या डोक्यात आधीच एक चित्र तयार असते, आणि मुलाची वस्तू त्या चित्रासारखी दिसली नाही की तोंडातून पहिला शब्द जातो : "असं नाही."

चार सवयी, चार अभ्यास

आपल्या चार सवयी पाहू. प्रत्येकीवर परदेशांत अभ्यास झाले आहेत. ती मुले आपल्या मुलांहून वेगळ्या परिस्थितीतली होती हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याकडे पाहावे.

पहिली सवय, बक्षिसाचे आमिष. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीची मुले घेतली. काहींना आधी सांगितले की चित्र काढले तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर आमिषाने चित्र काढलेली मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रे काढत होती. खेळ होता, त्याची मजुरी झाली.

दुसरी सवय, "किती हुशार आहेस!" म्हणणे. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटले, "तू हुशार आहेस." काहींना म्हटले, "तू चांगली मेहनत घेतलीस." नंतर मुद्दाम कठीण कोडी दिली. त्यात अपयश आल्यावर, 'हुशार' म्हटलेली मुले पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले पुढे गेली, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी नवे शिकायला मिळेल असे काम पसंत केले. कारण उघड आहे. जो हुशार ठरला, त्याला आता चुकणे परवडत नाही. आणि डिझाइनमध्ये चुकल्यावाचून पुढे जाता येत नाही.

तिसरी सवय, सूचनेबरोबर गुण देणे. १९८८ मध्ये इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण, एकाला फक्त कामाविषयी लेखी शेरा, एकाला दोन्ही. नव्या कल्पना सुचवायच्या कामाचाही त्यात समावेश होता. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि रसही टिकला. दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे आपण तळमळीने लिहिलेला शेरा शेजारच्या आकड्याने गिळला. आपल्या वर्गात हे रोज दिसते. वही हातात पडली की मूल आकडा पाहते, शेजाऱ्याचा आकडा विचारते आणि वही मिटते.

चौथी सवय, आधीच नमुना दाखवणे. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी न सांडणारा कॉफीचा पेला आखायला सांगितला. नळी वापरायची नाही, अशी स्पष्ट अट होती. पण ज्यांना नळी असलेला नमुना आधी दाखवला होता, त्यांच्या अनेक आराखड्यांत नळी आलीच. हे आराखडे काढणारे मुलगे-मुली नव्हते, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. त्यांची ही गत, तर आपण फळ्यावर काढलेले एक घर पाहून तीस मुले तशीच तीस घरे काढतात यात नवल ते काय? आणि नंतर आपणच म्हणतो, "या मुलांना स्वतःचं काही सुचतच नाही."

मानखुर्दच्या केंद्राचे काम

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर चांगले काम झाले आहे. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते १९७४ मध्ये सुरू झाले. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या इयत्तांच्या मुलांसाठी डिझाइनचे तीन पाठ तयार केले : पिशवी बनवणे, वजन उचलणारी पवनचक्की बनवणे आणि बाहुल्यांचा खेळ उभा करणे. हे काम त्यांनी शहरी इंग्रजी शाळेत, शहरी मराठी शाळेत आणि आदिवासी मुलांच्या मराठी शाळेतही केले. आपल्यासाठी ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. आदिवासी मुलांना डिझाइन झेपेल का, अशी शंका घेत न बसता त्यांना तेच काम दिले गेले.

त्यांच्या पद्धतीतील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मुले गटात विषयाची चौकशी करतात. मग कल्पना कागदावर काढतात. मग कोणते साहित्य लागेल आणि कोणती पायरी आधी येईल हे आखतात. त्यानंतर वस्तू बनते, आणि शेवटी ती तपासली जाते. आपली कल्पना इतरांपुढे मांडणे आणि बनलेल्या वस्तूचे मूल्यमापन मुलांनी करणे हे कामाचेच टप्पे आहेत. सगळे झाल्यावर मागून चिकटवलेली परीक्षा नव्हे.

यातून आपण एक व्यवहारी गोष्ट उचलू या. अभिप्राय कागदावरच्या चित्राच्या वेळी द्यावा. चित्रातले दार हलवायला खोडरबर पुरते. चटई कापून, सुतळी बांधून झाल्यावर तेच दार हलवायला सांगितले, तर मुलाला ते सगळे काम मोडल्यासारखे वाटते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दिलेल्या सूचनेने तर कोणीच काही शिकत नाही. मी नेमके तेच केले होते.

आधी वस्तूला बोलू द्या

सगळा अभिप्राय माणसानेच द्यायला हवा असेही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात माँटेसरीचे तत्त्व होते आणि साहित्य मात्र खेड्यातलेच होते. माँटेसरीच्या साधनांत चूक साधनच दाखवते. दट्ट्या चुकीच्या खोबणीत बसत नाही, मग मूल स्वतःच दुसरी खोबण शोधते. बाईंनी "चुकलं" म्हणण्याची गरज उरत नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शिक्षणाचा पाया हाताने काम करत शिकणे हा आहे, आणि विद्यार्थी गावाच्या उपयोगाची खरी कामे करतात. जोडकाम केलेले फाटक कुरकुरले की ते कोणी लाल शाईने सांगावे लागत नाही. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळण्यांचेही तसेच आहे. भिंगरी फिरली तर फिरली, नाही तर नळी पुन्हा कापायची. शिक्षकाच्या रागालोभाचा तिथे प्रश्नच येत नाही.

आपल्या मुलांना याची फार गरज आहे. ज्या मुलाने गावात, बाजारात, बसस्टँडवर मोठ्यांचा आवाज फक्त हुसकावण्यासाठी ऐकला, त्याला आपली सौम्य सूचनाही हुसकावणीच वाटू शकते. पाणी गळले, काठी वाकली, भिंगरी अडली, तर त्यात अपमान नसतो.

दुसऱ्या वेळी काय केले

पुढे मी तोच कोपीचा विषय सहावीच्या तीन मुलींना दिला. या वेळी नमुना दाखवला नाही. एकच ठरवले : प्रत्येक कोपीची तपासणी होईल. आत वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरायचा, वरून चाळणीने एक तांब्या पाणी ओतायचे, समोरून टेबलफॅन लावायचा. कागद कुठे भिजला ते बघायचे.

पहिल्या वेळी कागद मधोमध ओला झाला. माझ्या जिभेवर उत्तर आले होते. ते गिळले आणि म्हटले, "कुठं भिजला, दाखवा बरं."

"मधी, ताई."

"पाणी कुठून आलं असेल?"

तिघी बराच वेळ छपराकडे बघत बसल्या. मेनकापडाचे दोन तुकडे जिथे एकमेकांना भिडत होते, तिथे एकीने बोट ठेवले. त्यांनी तिथे सुतळी आणखी आवळली. दुसऱ्या वेळी पाणी थोडे कमी आले, पण आलेच. तिसऱ्या दिवशी त्यातली सगळ्यात गप्प असणारी मुलगी धावत आली. "ताई, कौलावानी करावं. वरचं खालच्यावर चढवायचं." हे तिला वसतिगृहाच्या छपराकडे बघून सुचले होते. त्या वेळी मी फक्त इतकेच म्हटले, "आवळून थांबला नाहीत, पाणी कुठून शिरतं ते शोधत राहिलात. म्हणून हे सापडलं." तिसऱ्या तपासणीत कागद कोरडा राहिला.

दिवाळीनंतर ती गप्प मुलगी आईबापांबरोबर कारखान्यावर गेली. आपल्या जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दर वर्षी कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन जातात, हे आपण जाणतोच. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, आपण मुलांना मागे ठेवण्यासाठी आईबापांची समजूत घालतो, तरी धाकटे भावंड सांभाळायला थोरल्या मुलीला नेले जाते. जाताना तिने कोपीचे चित्र मागितले. मी दिले आणि नमुना तिघींच्या नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवला.

पाडव्याच्या सुमारास ती परत आली. चित्राच्या घड्या पडून कागद फाटायला आला होता. पण त्यावर पेन्सिलीने नवे काहीतरी काढले होते. कोपीच्या बाहेर, कुशीच्या दाराशेजारी, चटईचा एक आडोसा. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आईला दाखीवलं. आई म्हनली, समदं चांगलं हाय, पण चूल कुठं मांडू?"

आम्ही चौघींनी तीन वेळा तपासणी केली होती, आणि चुलीची आठवण एकीलाही झाली नव्हती. त्या प्रकल्पाला मिळालेला सगळ्यात मोलाचा अभिप्राय अंगठा उठवणाऱ्या एका बाईने उसाच्या फडात दिला. ज्याच्यासाठी वस्तू बनते, त्याला ती दाखवायलाच हवी. आपल्या मुलांचे आईबाप प्रदर्शनाला येत नाहीत म्हणून आपण त्यांना शिक्षणातून वगळतो. पण कोपीच्या विषयात तेच खरे परीक्षक आहेत.

बोलण्याचा क्रम

या अनुभवावरून मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला आहे. तो पाठ करायचा नाही, पण सवयीचा करावा.

१. आधी गप्प राहून पाहा. निदान दहा आकडे मोजेपर्यंत.

२. "मला दाखव, हे कसं चालतं" असे म्हणा. "असं का केलं?" म्हणू नका. आपल्या मनात ते कुतूहल असते, पण मुलाच्या कानाला तो जाब वाटतो. पारधी मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने (पहिला कायदा १८७१ चा) या समाजावर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. अशा मुलाने तार, चाक, पत्र्याचा तुकडा आणला आणि आपण पहिलाच प्रश्न केला, "हे कुठून आणलंस?" तर प्रकल्प तिथेच संपतो. त्याऐवजी "हे छान सापडलं, याचं काय करणार?" असे विचारा.

३. एक नेमकी गोष्ट सांगा, जी डोळ्यांना दिसते आणि जी कामाच्या हेतूशी जोडलेली आहे. "वारा इकडून लावला तेव्हा ही बाजू उचलली गेली." एकाच वेळी पाच सूचना दिल्या तर मूल एकही उचलत नाही.

४. निर्णय मुलावर सोडा. "आता काय करून बघशील?" आणि त्यासाठी खरोखर वेळ द्या. दुसऱ्या प्रयत्नाला वेळच ठेवला नसेल तर अभिप्राय म्हणजे नुसता निकाल.

याचा अर्थ काहीच सरळ सांगायचे नाही असा मात्र नाही. सुरी कशी धरायची, गाठ कशी मारायची, गरम डिंक कुठे ठेवायचा हे प्रश्न विचारून शिकवायचे नसते, सरळ दाखवायचे असते. कसब दाखवा, कल्पना मात्र मुलाची राहू द्या. आणि मूल अडून रडकुंडीला आले असेल तर तिथे तत्त्व आडवे आणू नका. दोन वाटा सुचवा आणि निवडायला सांगा.

मुलांचा मुलांना अभिप्राय

मुले एकमेकांना काय म्हणतात, हेही शिकवावे लागते. न शिकवता सोडले तर "ए, तुझं येडंवाकडं हाय" इथेच गाडी थांबते. अमेरिकेतील रॉन बर्गर हे शिक्षक ऑस्टिन नावाच्या पहिलीतल्या मुलाच्या चित्रांची गोष्ट सांगतात. त्याने फोटो पाहून फुलपाखरू काढले, ते कोणत्याही लहान मुलाच्या फुलपाखरासारखे होते. वर्गमित्रांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सांगितले, मग नक्षीबद्दल. सहाव्या चित्रापर्यंत फुलपाखरू खऱ्यासारखे झाले. मुलगा तोच, हातही तोच. बर्गर यांचे तीन नियम आहेत : बोलणे प्रेमाचे हवे, नेमके हवे आणि उपयोगाचे हवे.

आपल्या वर्गात हे तीन नियम आम्ही असे आणले. प्रत्येकाने दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावता दोन वाक्ये बोलायची. पहिले "मला हे दिसलं" आणि दुसरे "हे करून बघशील का". सुरुवातीला मुले हसली, लाजली. एखाद्या महिन्याने काहींना सवय झाली. सगळ्यांना अजून झालेली नाही.

नोंदवहीतला शेरा

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. कल्पना चांगली होती. पण कार्यानुभवाच्या रकान्यात काय दिसते? "विविध वस्तू आवडीने बनवतो", "प्रगती समाधानकारक". तीस मुलांना तेच वाक्य. अशी नोंद कोणत्याही मुलाबद्दल खरी असते आणि कोणत्याच मुलाच्या उपयोगाची नसते.

त्याऐवजी तीन छोट्या गोष्टी लिहा : काय करून पाहिले, काय झाले, पुढे काय पाहायचे आहे. "कोपीचे छप्पर तीनदा बदलले. मेनकापड कौलासारखे चढवल्यावर गळती थांबली. चूल कुठे, हे ठरवायचे आहे." दिवाळीनंतर जाऊन पाडव्याला परतणाऱ्या मुलासाठी ही नोंद फार मोठी आहे. ते परत येते तेव्हा वर्ग धड्यांनी पुढे गेलेला असतो आणि आपण मागे पडलो एवढेच त्याला कळते. अशा वेळी फळीवर त्याच्या नावाचे अर्धे काम आणि वहीत "पुढे काय" लिहिलेले सापडले, तर परतण्याला जागा मिळते. म्हणून माझी विनंती आहे की जूनमध्ये खोली साफ करताना अर्धवट नमुने फेकू नयेत.

शेवटी

आपल्या भागातला कुंभार मडके थापटताना पाहिला असेल. बाहेरून थापी मारतो तेव्हा आतून दुसऱ्या हाताने दगडाचा आधार दिलेला असतो. आधार नसता तर मडके पहिल्याच थापीला फुटले असते, आणि थापी नसती तर त्याला आकार आला नसता. यिर्मयाच्या १८व्या अध्यायातील कुंभारही बिघडलेली माती फेकून देत नाही, तिचेच दुसरे पात्र घडवतो. मुले मात्र माती नाहीत. ती स्वतःच कुंभार आहेत, आणि आपण फार तर आतला हात आहोत.

तो सातवीतला मुलगा आता मोठा झाला आहे. त्याची कोपी मला परत करता येणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी "ताई, बघा ना" म्हणत येईल, तेव्हा आधी बघेन, एवढे मी ठरवले आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. मागच्या महिन्यात तुम्ही एखाद्या मुलाचे काम स्वतःच्या हाताने नीट केले का? त्यानंतर मुलाने काय केले?

२. तुमच्या केंद्रात एका वस्तूसाठी मुलांना किती प्रयत्न करता येतात? दुसऱ्या प्रयत्नासाठी वेळापत्रकात कोणता तास काढता येईल?

३. तुमच्या गावातील अशा तीन अडचणी लिहा, ज्या मुलांना आपल्याहून चांगल्या ठाऊक आहेत. त्यातली एक पुढच्या तिमाहीत प्रकल्पासाठी निवडा.

४. त्या वस्तूची तपासणी कशी कराल, म्हणजे चूक तुमच्याऐवजी वस्तूच सांगेल? आणि ती कोणत्या आईला, आजीला किंवा बापाला दाखवाल?

५. कार्यानुभवाच्या नोंदवहीतील पाच जुने शेरे काढा आणि "काय केले, काय झाले, पुढे काय" या पद्धतीने पुन्हा लिहून पाहा.